सहीखालचा शेरा

"नाका कुठाय?" आप्पांनी विचारलं.

आमची गाडी नदीवरच्या लोखंडी पुलावर थांबली होती. खालून उंच डोलकाठीचं जहाज जायचं होतं, म्हणून पुलाचा मधला भाग वर उचलला होता. आप्पा म्हणजे माझे सासरे. तीन दिवसांपूर्वीच ते भारतातून आमच्याकडे आले होते. त्यांच्या शेजारी आमची पाच वर्षांची रेवा आपल्या खुर्चीत पाय हलवत बसली होती.

"कसला नाका, आप्पा?" उन्मेषने आरशातून वडिलांकडे बघत विचारलं.

"अरे, तूच म्हणालास ना, पूल ओलांडला की दुसरं राज्य लागतं? मग मधे नाका नको? कुणी अडवत नाही, डिकी उघडून बघत नाही?"

"इथला नाका कागदावर असतो. वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, कर भरताना." उन्मेष हसला. मीही हसले.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा हसू आलं होतं, एवढं मात्र पक्कं आठवतं.

आप्पांनी चौतीस वर्षं गावच्या जकात नाक्यावर कारकुनी केली. कृष्णाकाठचं छोटंसं गाव, वेशीवर पत्र्याची शेड, एक आडवा बांबू आणि खुर्चीत आप्पा. ट्रकमधल्या कडब्याच्या पेंढ्यांत लोखंडी सळई खुपसून आत गुळाच्या ढेपा आहेत का हे ते स्वतः पाहायचे. एकदा सख्खा मेव्हणा लग्नाचा बस्ता घेऊन आला, तर त्याचीही पावती फाडली. सासूबाई आठ दिवस बोलल्या नव्हत्या. आप्पा हे सगळं रेवाला परीकथा सांगावी तसं सांगायचे.

त्यांची एक सवय होती. पावतीवर सही केली की ते सहीच्या खाली एक ओळ लिहायचे, 'माल प्रत्यक्ष पाहिला.' कुणी सांगितलं नव्हतं, नियमात नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सहीच्या वरचं साहेबाचं, छापील असतं गं. सहीच्या खाली शेरा असतो, तो आपला. पाहिल्याशिवाय शेरा नाही, आणि पाहिलं तर शेरा चुकवायचा नाही."

अशा माणसाचा मुलगा उन्मेष. आता आम्ही काय करत होतो ते सांगते. सांगताना तोंडाला कडू चव येते, पण सांगते.

आम्ही राहायचो पोर्टलंडला, नदीच्या अलीकडे, ऑरेगन राज्यात. उन्मेषची कचेरी पलीकडे व्हँकूवर गावात, वॉशिंग्टन राज्यात. अलीकडे दुकानात खरेदीवर कर नाही, पण पगारावर राज्याचा कर आहे, चांगला सणसणीत. पलीकडे उलटं. तिथं खरेदीवर कर, पगारावर नाही. राहायचं अलीकडे आणि कमवायचं पलीकडे, तर कर अलीकडच्या राज्याला द्यावा लागतो, कारण तुम्ही जिथं राहता ते राज्य तुमची सगळी कमाई धरतं. पण राहायलाही पलीकडेच असलात, तर पगारावर राज्याला दमडी द्यायला नको.

तेव्हा उन्मेष पलीकडे 'राहायला' गेला. कागदावर.

ही युक्ती किरण बोंद्रेची. कोल्हापूरचा गडी, पलीकडे मोठं घर, बायको वर्षातले आठ महिने भारतात. आमच्या महाराष्ट्र मंडळात निम्म्या लोकांना त्याचा सल्ला चालायचा. "वहिनी, उगं कशाला घाबरताय? माझ्याकडं गॅरेजमागची खोली पडूनच हाय. भाड्याचा कागद करूया, पोस्टाच्या पेटीवर नाव लावूया. झालं की."

पण रेवाची शाळा अलीकडची हवी होती, कारण अलीकडची शाळा चांगली. म्हणजे शाळेसाठी पत्ता इकडचा आणि करासाठी तिकडचा. नवरा नदीच्या एका काठाला आणि बायको-मुलगी दुसऱ्या, याला काहीतरी कारण हवं. तेव्हा कागदावर आम्ही वेगळे झालो. 'पती-पत्नी विभक्त राहतात' असं उन्मेषने लिहून दिलं आणि त्याखाली मी सही केली. स्वयंपाकघरात, गळ्यात मंगळसूत्र, गॅसवर वरणाचा कुकर. उन्मेष म्हणाला होता, "अगं सुमेधा, सगळेच करतात."

तीन वर्षं गाडं सुरळीत चाललं. मग त्या फेब्रुवारीत, आप्पा आलेले असतानाच, ऑरेगनच्या कर खात्याचं पत्र आलं. तुम्ही पलीकडे राहता म्हणता, तर दाखवा. भाड्याची पावती, विजेचं बिल, आणि त्या घरात तुमच्यासोबत राहिलेल्या किंवा तुम्हाला तिथं राहताना पाहिलेल्या कुणाची तरी लेखी साक्ष. मुदत एप्रिलअखेर.

उन्मेष आकडेमोड करत बसला. तीन वर्षांचा कर, त्यावर दंड, त्यावर व्याज. त्याला भीती पैशांची. मला पैशांची तेवढी नव्हती. आमचं ग्रीन कार्ड शेवटच्या टप्प्यावर होतं. सरकारला खोटं लिहून दिलंय असं कुठं नोंदलं गेलं तर काय, हा माझा घोर.

दोन दिवसांनी उन्मेषने जेवणाच्या टेबलावर एक टाइप केलेला कागद आप्पांसमोर सरकवला. आप्पांनी चष्मा लावला. त्यांचं इंग्रजी कारकुनी, पण पक्कं. प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवत त्यांनी वाचलं.

"मी माझ्या मुलाकडे या पत्त्यावर राहिलो, असं लिहिलंय," ते म्हणाले.

"हो."

"हा पत्ता त्या बोंद्र्याचा."

"हो, आप्पा. नुसती सही हवीय. तुम्ही बाहेरचे पाहुणे, वयस्कर. तुमच्या शब्दाला वजन आहे."

"मी तर इथं राहिलो."

"आप्पा, ही फक्त औपचारिकता असते..."

"आणि हे काय? सूनबाई वेगळी राहते?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रेवाच्या ताटातला भात कालवत राहिले. "ही तुझ्यापासून वेगळी राहते, असं मी लिहून द्यायचं? हिच्या हातचं जेवतोय मी आत्ता."

"कागदावर हो! कागदावर!" उन्मेष वैतागला. "तुम्हाला कळतंय का किती पैसे आहेत? त्यात गावाकडचं आपलं घर दोनदा येईल!"

"माझा सगळा जन्म कागदावरच गेला रे," आप्पा म्हणाले आणि कागद परत सरकवून हात धुवायला उठले.

नंतरचे दोन दिवस मी उन्मेषकडे पाहायची. हा माणूस बापाच्या सहीला लोंबकळतोय, असं मनात यायचं. मी स्वतःला त्यातून अगदी अलगद बाजूला काढलं होतं. नाकाने कांदे सोलत होते, दुसरं काय.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना आप्पा म्हणाले, "उन्मेष, मी त्या बोंद्र्याच्या घरी जाऊन राहतो."

"म्हणजे?"

"राहिलो तर राहिलो असं लिहिता येईल. जाईपर्यंत सहा आठवडे आहेत. तिथं राहतो आणि तसं लिहून देतो. जे खरं ते."

मला वाटलं, आता तरी याला लाज वाटेल. सत्तरीचा बाप, वर्षापूर्वी बायको गेलेली, नातीसाठी सात समुद्र ओलांडून आलेला. तो म्हणतोय, तुझं खोटं झाकायला मी परक्याच्या गॅरेजमागे जाऊन पडतो. आता हा म्हणेल, नको आप्पा, भरतो मी कर.

उन्मेषने टाळी वाजवली. खरंच वाजवली. "बघ! आप्पांनीच तोडगा काढला! उगाच आपण डोकं फोडत होतो."

मला किळस आली. ती टाळी मला आजही ऐकू येते. पण मीही "नको" म्हणाले नाही. म्हणाले ते एवढंच, "आप्पा, स्वेटर घ्या. तिकडे नदीचं वारं असतं."

गॅरेजमागच्या खोलीत एक लोखंडी पलंग होता, बोंद्रेच्या उरलेल्या फरश्यांची खोकी होती आणि रंगाच्या डब्यांचा वास भरलेला होता. उन्मेषने पहिल्याच दिवशी आपले चार शर्ट तिथल्या कपाटात नेऊन टांगले. बूट ठेवले. दात घासायचा एक ब्रशही नेला. मग फोटो काढले. आप्पा आणि तो एका टेबलावर जेवताना, आप्पा पोस्टाच्या पेटीपाशी, आप्पा खिडकीत. "हसा की, आप्पा," असं म्हणत होता. आप्पा हसले नाहीत, पण जिथं उभं केलं तिथं उभे राहिले.

दर रविवारी मी डबा घेऊन जायची. पोळ्या, कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी. रेवा गाडीतून उतरली की धावत सुटायची. आप्पा फुटपाथवर येऊन उभेच असायचे, कधीपासून कोण जाणे. त्यांना खोकला लागला होता.

"आजोबा, तुम्ही आपल्या घरी का नाही राहत?" रेवाने एकदा विचारलं.

"मी नाक्यावर आहे, बाळा. ड्यूटी लागलीय."

"इथं तर नाका नाहीये."

"आहे, आहे. दिसत नाही एवढंच."

बोंद्रे दिवसभर कामावर असायचा, संध्याकाळी टीव्ही लावायचा. माणूस वाईट नव्हता. आप्पांसाठी झुणका करायचा, पान नाही म्हणून बडीशेप आणून द्यायचा. पण त्यालाही कधी वाटलं नाही की या म्हाताऱ्याला म्हणावं, काका, चला, मी सोडतो तुम्हाला नातीकडे. एकदा मला म्हणाला, "वहिनी, तुमचे सासरे म्हणजे लई कडक माणूस. रोज सकाळी उन्मेषचा ब्रश बघतात."

"ब्रश?"

"हां. हात लावून बघतात आणि वहीत लिहितात. कोरडा. रोज कोरडाच."

मी हसण्यावारी नेलं. खरं तर तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मार्चअखेरीला आप्पांना ताप आला. मी उन्मेषला म्हटलं, आता घरी आणू या त्यांना. तो म्हणाला, "दोन आठवडेच राहिलेत. आता मधे खंड पडला तर ते लिहितील ना, की इतकेच दिवस राहिलो. ओळखत नाहीस का तू त्यांना?" मी गोळ्या घेऊन पूल ओलांडला आणि संध्याकाळी परत आले. पुलावरून परत येताना मी नवऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते. शिव्या घालत होते, पण परत येत होते.

सोळा एप्रिलला सकाळचं विमान होतं. आप्पांना विमानतळावर मी एकटीनेच सोडलं. उन्मेषला बैठक होती. सामान आत गेल्यावर आप्पांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं. त्यावर कर खात्याचा पत्ता होता, त्यांच्या त्या ठसठशीत अक्षरात. तिकीटही लावलं होतं.

"हे उन्मेषच्या हातात देऊ नकोस. तूच टाक पोस्टात."

"बरं, आप्पा."

"पाकीट चिकटवलं नाहीये. आधी वाच, मग चिकटव. तुझ्याविषयीही लिहिलंय त्यात." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. याआधी कधी ठेवला नव्हता, आमच्याकडे तशी पद्धत नाही. "तो वाईट नाही गं. पण त्याला कुणीतरी अडवायला पाहिजे. मी अडवलं असतं तर माझ्याशी भांडला असता. सरकारनं अडवलं की बरं असतं, माणूस भांडत नाही, मुकाट भरतो."

मला तेव्हाही नीट कळलं नाही. मी वाकून नमस्कार केला.

घरी आले, ओट्यापाशी उभी राहिले आणि पत्र उघडलं. कागदावर समास सोडून, तारीख घालून, सरळ ओळींत इंग्रजीत लिहिलं होतं. आपलं नाव, गाव, निवृत्त जकात कारकून. मग एकच वाक्य. अमुक पत्त्यावरच्या घरी मी तीन मार्च ते सोळा एप्रिल सलग राहिलो, तिथं माझ्या मुलाचे कपडे, बूट आणि ब्रश आहेत. खाली सही. लपेटदार, पावतीवर असायची तशीच.

आणि सहीखाली दोन बोटांची जागा सोडून शेरा.

'मुलगा या घरात राहत नाही. ब्रश पंचेचाळीस दिवस कोरडा होता. तो नदीपलीकडे पत्नी व मुलीसोबत राहतो. सून टाकलेली नाही, ती घरची लक्ष्मी आहे. प्रत्यक्ष पाहिले.'

'घरची लक्ष्मी' एवढे दोन शब्द त्यांनी देवनागरीत लिहिले होते. त्याला इंग्रजी सापडलं नसावं.

सहा आठवडे म्हातारा त्या रंगाच्या वासात खोकत पडला होता, तो मुलाचं खोटं झाकायला नव्हे. तो सळई घेऊन आत शिरला होता. आणि सगळ्या जगात मला, त्या निवेदनाखाली मुकाट सही करणाऱ्या बाईला, न्याय द्यायचा त्याने विचार केला होता. पाकीट माझ्याच हातात दिलं होतं. मुलावर नव्हता तो विश्वास माझ्यावर होता.

उन्मेषचा फोन आला. "दिलं का आप्पांनी पत्र?"

"दिलं."

"नीट लिहिलंय ना? काही भलतंसलतं नाही ना?"

खरं सांगते, त्या क्षणी मला उन्मेष आठवला नाही, पैसे आठवले नाहीत. मला ग्रीन कार्डाचा अर्ज आठवला, रेवाची शाळा आठवली, आणि गावी परत गेल्यावर बायका काय विचारतील ते आठवलं.

"नीट लिहिलंय," मी म्हणाले.

ओट्यावर कोथिंबीर चिरायची कात्री होती. सही आणि शेरा यांच्यामधे दोन बोटांची जागा होती. आप्पांना ओळी मोकळ्या सोडायची सवय होती, म्हणून काम सोपं झालं. मी अगदी सरळ कापलं. वरचा कागद पाकिटात घातला, जीभ लावून पाकीट चिकटवलं आणि कोपऱ्यावरच्या निळ्या पेटीत टाकून आले. हाताला कोथिंबिरीचा वास येत होता. सहा आठवडे ज्या नवऱ्याची मला किळस येत होती, त्याने फक्त बापाला वापरून घेतलं होतं. बापाचा शब्द कापला तो मी.

जूनमध्ये खात्याचं पत्र आलं. आमचं म्हणणं मान्य, प्रकरण बंद. उन्मेषने बोंद्रेला घरी जेवायला बोलावलं. मी श्रीखंड केलं. पुढच्या वर्षी आम्ही खरोखरच पलीकडे घर घेतलं, म्हणजे आता सगळं कायदेशीर. ग्रीन कार्डही आलं.

आप्पांचा फोन त्या जूनमध्येच आला होता. "पत्र पोचलं का गं?"

"पोचलं, आप्पा."

"सगळं पोचलं ना?"

"सगळं."

"मग? भरला त्यानं?"

फोनमधून गावच्या टपरीवरच्या माणसांचा आवाज येत होता. "हो," मी म्हणाले.

आप्पांचा आवाज एकदम मोकळा झाला. "शाब्बास. मला माहीत होतं, तो भरणार. तू होतीस म्हणून झालं." नंतर गावाकडून येणारं प्रत्येक माणूस सांगायचं, आप्पा चावडीवर सांगतात, माझ्या पोरानं तिकडं सरकारचा पैन् पै कर भरला, आणि माझ्या सुनेनं भरायला लावला.

सात वर्षांनी आप्पा गेले. तेराव्यानंतर मी त्यांची पेटी आवरायला बसले. धोतरं, सासूबाईंचा फोटो, जुनी पावती पुस्तकं. तळाशी एका फाइलमध्ये त्या पत्राची स्थळप्रत होती. जकात कारकून, कार्बन लावल्याशिवाय काही लिहील होय? निळसर अक्षरांत सगळं पत्र होतं, सही होती, आणि सहीखाली तो शेरा, अख्खा.

त्याच्याखाली साध्या पेनने, जूनमधल्या त्या तारखेचा आणखी एक शेरा होता.

'वरील पत्र संपूर्ण पोचले. कर भरला.'

त्याच्यापुढे त्यांची नेहमीची ओळ नव्हती. 'प्रत्यक्ष पाहिले' असं त्यांना लिहिता आलं नसणार, ते खोटं झालं असतं. त्या जागी त्यांनी लिहिलं होतं, 'सुमेधाने सांगितले.'

उन्मेषने दारातून विचारलं, "काही कामाचं आहे का त्यात?"

माझ्या पर्समध्ये तेव्हाही ती कापलेली पट्टी होती. आजही आहे.